विश्वास कुणावर, संशय कशावर

लैंगिक अत्याचाराची तक्रार केलेल्या व्यक्तीसोबत दवाखान्यात, पोलीस ठाण्यात आणि न्यायालयात बसण्याचे काम मी मुंबईत स्वयंसेवक म्हणून काही वर्षे करते आहे. त्यासाठीच्या प्रशिक्षणात पहिल्याच दिवशी एक वाक्य सांगितले गेले : समोरची व्यक्ती जे सांगते त्यावर विश्वास ठेवा. वाक्य साधे आहे. पण मला ते तेव्हापासून अडते आहे. कारण दोष सिद्ध होईपर्यंत आरोपी निर्दोष असतो, हे दुसरे वाक्यही मी तितक्याच मनापासून मानते. ते सोडून द्यायची माझी तयारी नाही. मग ही दोन्ही वाक्ये एकाच माणसाच्या मनात प्रामाणिकपणे नांदू शकतात का? की सकाळी दवाखान्यात एक आणि संध्याकाळी चर्चासत्रात दुसरे, अशी ही सोयीची वाटणी आहे?

त्याआधी एक गोष्ट स्पष्ट करते. या लेखात मी कुणा एकीची हकिगत सांगणार नाही. ओळख उघड करायला कायद्याने बंदी आहे. पूर्वी ती भारतीय दंड संहितेच्या कलम 228-अ मध्ये होती, आता भारतीय न्याय संहितेच्या कलम 72 मध्ये आहे. पण नाव-गाव बदलून सांगता येते, असे म्हणणारे भेटतात. माझी अडचण त्याच्या अलीकडची आहे. माझ्यासमोर जे बोलले गेले ते मला सोबत करता यावी म्हणून बोलले गेले. ते माझ्या लेखाचे साहित्य नव्हे. प्रशिक्षणात एक नियम होता : ज्या माहितीची तुमच्या कामाला गरज नाही ती विचारू नका. कुतूहल हासुद्धा एक प्रकारचा हक्क गाजवणे असू शकते, हे मला तिथे पहिल्यांदा कळले.

या कामाला मराठीत सुटसुटीत शब्द नाही. इंग्रजीतल्या ‘अ‍ॅडव्होकेट’चे भाषांतर केले की वकील समोर येतो, आणि ठाण्यात पहिला प्रश्न तोच असतो : ‘मॅडम, तुम्ही वकील का?’ नाही म्हटले की, ‘मग नातेवाईक?’ तेही नाही. लहान मुलांच्या बाबतीत पॉक्सो कायद्याच्या 2020 च्या नियमांनी ‘सपोर्ट पर्सन’ नेमण्याची सोय केली आहे. 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही सोय पालकांच्या मर्जीवर सोडता येणार नाही, असे सांगितले. प्रौढ स्त्रीच्या वाट्याला मात्र संस्था, स्वयंसेवक, कुठे कुठे ‘सखी’ केंद्र, आणि बहुतेक वेळा कुणीच नाही. मुंबईत या शतकाच्या सुरुवातीला महापालिकेच्या रुग्णालयात ‘सेहत’च्या मदतीने ‘दिलासा’ सुरू झाले, पुढे ‘मजलिस’ने ‘राहत’ चालवले, त्यातून या कामाला काही एक पद्धत आली. मी माझ्यापुरता शब्द ‘सोबत’ असा धरला आहे. रात्री अंगणाच्या पलीकडे जायचे असले की आई म्हणायची, सोबत घेऊन जा. सोबतीला आलेले माणूस तुमच्या वतीने चालत नाही. चालायचे तुम्हालाच असते.

प्रशिक्षणातला बराचसा भाग काय करायचे नाही याचाच होता. ‘का’ने सुरू होणारा प्रश्न विचारायचा नाही. ‘तू तिथे का गेलीस?’ या प्रश्नात उत्तराआधीच आरोप असतो. ‘मला समजतंय तुला काय वाटत असेल’ असे म्हणायचे नाही, कारण समजत नाही. न विचारता पाठीवर हात ठेवायचा नाही. ‘त्याला शिक्षा होईलच’ असे सांगायचे नाही. आणि करायचे काय, तर प्रत्येक गोष्टीला परवानगी मागायची. इथे बसू का? पाणी आणू का? दार लोटून घेऊ का? सुरुवातीला हे नाटकी वाटते. हळूहळू ध्यानात येते की जिची संमती एकदा पायदळी तुडवली गेली आहे, तिला ‘नको’ म्हणता येते आणि ते ऐकले जाते, एवढा अनुभव परत मिळवून द्यायला सध्या आपल्या हातात या क्षुल्लक गोष्टीच आहेत. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या 2014 च्या मार्गदर्शक सूचनाही याच दिशेने जातात : तपासणीच्या प्रत्येक टप्प्याला वेगळी संमती हवी, एखादा टप्पा नाकारता येतो, आणि पोलिसांत जायचे नसले तरी उपचार मिळालेच पाहिजेत. पॉक्सोच्या नियमांतली एक तरतूद मला सर्वांत शहाणी वाटते. मुलाला सपोर्ट पर्सन नको असेल तर तो त्याला दूर करू शकतो, आणि कारण देण्याची सक्ती त्याच्यावर नाही.

आता विश्वासाकडे येते.

कुणी मंगळसूत्र हिसकावून नेल्याची तक्रार घेऊन ठाण्यात आले, तर तुम्ही ते स्वखुशीने दिले नव्हते कशावरून, असे कुणी विचारत नाही. तक्रार लिहून घेतली जाते, पुढे तपास होतो, तक्रार खोटी असेल तर तेही तपासात निघते. कायद्याची अपेक्षा एवढीच आहे. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की नोंद करणे बंधनकारक आहे, हे घटनापीठाने 2013 मध्ये ललिता कुमारी प्रकरणात स्पष्ट केले. म्हणजे पहिल्या पायरीवर विश्वास ठेवणे ही स्त्रीवाद्यांनी मागितलेली खास सवलत नाही. बाकी सर्व तक्रारदारांना जे सहज मिळते तेच इथे मागावे लागते. प्रश्न ‘विश्वास का ठेवावा’ असा नसून ‘इथेच तो का काढून घेतला जातो’ असा आहे.

याचे उत्तर शोधायला मराठी माणसाला लांब जावे लागत नाही. 1972 च्या मार्चमध्ये तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केल्याचा आरोप झाला. सत्र न्यायालयाने आरोपींना सोडले आणि मुलीलाच खोटारडी ठरवले. नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली. सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. अंगावर जखमा नव्हत्या, आरडाओरडा केल्याचे दिसत नव्हते, सबब प्रतिकार नव्हता, सबब संमती होती, असा तो तर्क. त्यावर 1979 च्या सप्टेंबरात उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, लोतिका सरकार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. शरण जाणे आणि संमती देणे यांत फरक आहे, हा त्या पत्राचा गाभा होता. त्यातून देशभर आंदोलन उभे राहिले, 1983 मध्ये कायदा बदलला, आणि कोठडीतल्या बलात्काराच्या खटल्यात स्त्रीने संमती नव्हती म्हटले तर तसे गृहीत धरावे, अशी तरतूद आली. शारीरिक प्रतिकार केला नाही एवढ्यावरून संमती मानता येणार नाही, हे दंड संहितेत स्पष्ट शब्दांत यायला मात्र 2013 उजाडले.

त्या मुलीच्या बाबतीत न्यायालयाने केवळ पुरावा तोलला असे म्हणता येत नाही. पुरावा तोलण्याआधी बोलणारी व्यक्तीच तोलली गेली होती : आदिवासी, गरीब, अल्पवयीन, प्रियकरासोबत निघालेली. मिरांडा फ्रिकर या तत्त्वज्ञ स्त्रीने 2007 मध्ये ‘एपिस्टेमिक इनजस्टिस’ या पुस्तकात या अन्यायाला नाव दिले. माणूस कोण आहे यावरून त्याच्या शब्दाची किंमत कमी केली जाते, तेव्हा त्याला ‘जाणणारा’ म्हणूनच नाकारले जाते, असे तिचे म्हणणे. आपल्याला हे नाव नवे असेल, वस्तू नवी नाही. भंवरी देवी राजस्थानात सरकारच्याच महिला विकास कार्यक्रमात काम करत होत्या. त्यांच्या पदाचे नाव होते ‘साथिन’. बालविवाह थांबवण्याचा प्रयत्न केला म्हणून 1992 मध्ये त्यांच्यावर सामूहिक अत्याचार झाल्याची तक्रार होती. 1995 मध्ये खालच्या न्यायालयाने आरोपींना सोडताना दिलेल्या कारणांत एक असे होते की वरच्या जातीचे पुरुष खालच्या जातीच्या स्त्रीला असा स्पर्श करणार नाहीत. इतरांना सोबत करणारी बाई स्वतः बोलू लागली, तेव्हा तिच्या शब्दाआधी तिची जात ऐकली गेली. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचे 1997 चे विशाखा निकालपत्र याच प्रकरणातून उभ्या राहिलेल्या याचिकेवर आले, हे आपण अभिमानाने सांगतो. त्या मूळ खटल्यात काय झाले, हे सांगायचे राहून जाते.

पण विश्वास ठेवला की सगळे नीट होते असेही नाही. विश्वास कशाच्या आधारावर ठेवला, हे पाहावे लागते. 1983 मध्येच, गुजरातमधल्या भरवाडा भोगीनभाई प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने पीडितेच्या साक्षीला वेगळी पुष्टी मागणे म्हणजे जखमेवर अपमानाची भर घालणे आहे, असे म्हटले. निकाल पुढे नेणारा होता. त्यामागचे कारण मात्र असे की परंपराप्रिय भारतीय समाजातली स्त्री अब्रूला इतकी जपते की ती असा खोटा आळ घेणार नाही. हा विश्वास त्या स्त्रीवर नसून तिच्या लाजेवर होता. मग जी लाजत नाही तिचे काय? जी दारू पिते, जिचा घटस्फोट झाला आहे, जी शरीरविक्रय करते, जी साक्ष देताना रडत नाही? अ‍ॅन बर्जेस आणि लिंडा होमस्ट्रॉम यांनी बॉस्टनच्या रुग्णालयात येणाऱ्या स्त्रियांचा अभ्यास 1974 मध्ये प्रसिद्ध केला. त्यात काही जणी रडत, थरथरत होत्या, तर काही बाहेरून अगदी शांत. आघाताचा एकच चेहरा नसतो. पण अब्रूच्या आधारावर दिलेला विश्वास एकच चेहरा ओळखतो.

आपली भाषा इथे साक्षीदार आहे. ‘अब्रू लुटली’, ‘इज्जत गेली’, ‘बाईची अब्रू म्हणजे काचेचे भांडे’. यात गुन्हा करणारा काही गमावत नाही. ज्याचे लुटले जाते तोच कायमचा उणा. कायद्याच्या मराठीत ‘विनयभंग’ आहे : भंगला तो तिचा विनय. वर्तमानपत्रांचा ‘अतिप्रसंग’ तर जणू कुणी केलाच नाही, आपोआप ओढवला. आणि ठाण्यात येणारी बाई यांपैकी एकही शब्द वापरत नाही. मुंबईत ती अनेकदा भोजपुरीत किंवा हिंदीत बोलते, ‘गलत काम किया’ म्हणते. मराठीत बोलणारी ‘वाईट काम केलं’ म्हणते, किंवा वाक्य अर्धे सोडते. ते ठाणे अंमलदार मराठीत उतरवून घेतात, त्या ओघात ‘जबरदस्तीने शारीरिक संबंध’ येते. पुढे सत्र न्यायालयात साक्ष इंग्रजीत टंकित होते. एका तोंडून निघालेली गोष्ट तीन भाषांतून जाते, आणि उलटतपासणीत तिला विचारले जाते की तुम्ही आधी असे सांगितले होते, आता तसे का सांगता? अनेक भाषांच्या या देशात ‘विसंगती’ कधी कधी केवळ भाषांतरात जन्मते. म्हणून प्रथम खबर तिला तिच्या भाषेत वाचून दाखवली जाते आहे का, तिची प्रत तिला विनामूल्य मिळाली का, हे पाहणे माझ्या कामाचा मोठा भाग आहे. तिने न म्हटलेला शब्द मी सुचवू शकत नाही. तो अधिक जोरकस असला, खटल्याला उपयोगी पडणारा असला, तरी नाही.

आता विश्वासाच्या तत्त्वाची खरी परीक्षा. लोक विचारतात, खोट्या तक्रारींचे काय? तो प्रश्न खरा आहे. पण मला त्याहून कठीण प्रश्न पडतो तो असा. सतरा वर्षांची मुलगी मुलासोबत निघून जाते. आईवडील तक्रार करतात. अठराच्या आतली संमती कायदा जाणत नाही, म्हणून गुन्हा बलात्काराचा. मुलगी शांतपणे सांगते : मी माझ्या मर्जीने गेले. ‘ती सांगते त्यावर विश्वास ठेवा’ हे तत्त्व इथे कुणाच्या बाजूने उभे राहते? अशा वेळी आमच्यातले काही जण लगेच म्हणतात, तिच्यावर दडपण असेल, तिला भुलवले असेल. असेलही. पण ती ‘हो, झाले’ म्हणते तेव्हा विश्वास, आणि ‘नाही, तसे नव्हते’ म्हणते तेव्हा संशय, असे असेल तर आपण तिच्यावर कधीच विश्वास ठेवला नव्हता. आपल्याला हव्या असलेल्या गोष्टीवर ठेवला होता.

याचे दुसरे रूप न्यायालयात दिसते. कुटुंबाचा दबाव, गावातली बैठक, पैसे, किंवा वर्षानुवर्षांचा थकवा, यांपैकी कशाने तरी ती साक्षीच्या दिवशी आधीचे सगळे नाकारते. कोर्टाच्या मराठीत म्हणतात, ‘साक्षीदार फितूर झाला’. फितूर म्हणजे शत्रूला मिळालेला. शब्दच सांगतो की ती आता आपली राहिली नाही. पण ती सरकार पक्षाची सैनिक म्हणून त्या पिंजऱ्यात उभी नव्हती. पॉक्सोच्या कलम 35 नुसार मुलाची साक्ष दखल घेतल्यापासून तीस दिवसांत नोंदवायची आणि खटला शक्यतो वर्षात संपवायचा. हे जिथे घडत नाही, तिथे तिला त्या एका रात्रीला वर्षानुवर्षे ताजे ठेवावे लागते. एके दिवशी तिने ते खाली ठेवले, तर सोबत करणाऱ्याने त्या दिवशी उठून जायचे का?

या प्रश्नांनी मला माझ्या अडचणीचे उत्तर जवळ आणून दिले. मराठीत आपण विश्वास कुणावर तरी ठेवतो. ‘वर’ हा शब्दयोगी अव्यय त्याला लागतो, आणि त्याच्या आधी बहुधा माणूस असतो. विधान असते ते आपण खरे मानतो किंवा मानत नाही. या दोन क्रिया वेगळ्या आहेत. न्यायाधीशाचे काम विधानांशी आहे : अमुक दिवशी, अमुक ठिकाणी, अमुक व्यक्तीने हे केले, हे सिद्ध झाले का? त्याचा संशय विधानावर असायला हवा, आणि असायलाच हवा, कारण त्याच्या ‘हो’ने कुणाचे तरी आयुष्य तुरुंगात जाते. माझे काम माणसाशी आहे. ती स्वतःच्या अनुभवाची जाणकार आहे, तिला काय झाले आणि तिला काय हवे हे सांगण्याचा पहिला अधिकार तिचा, आणि ती थांबते तिथे मी पुढचे वाक्य पुरवायचे नाही, एवढा माझ्या विश्वासाचा अर्थ आहे. त्यात आरोपीविषयी निकाल नाही. मी तो मनात धरू लागले तर मी सोबत राहत नाही, पक्षकार होते. सतरा वर्षांच्या त्या मुलीजवळही मी तशीच बसू शकते : ती काय म्हणते ते ऐकत, कायदा काय म्हणतो ते न लपवता सांगत.

हे म्हणणे पळवाट वाटू शकते. न्यायाधीशाने संशय घ्यायचा, मी विश्वास ठेवायचा, आणि दोघांनी एकमेकांकडे पाहायचे नाही, असे नाही. संशय न्याय्य ठरायला एक अट आहे : ज्यावर संशय घ्यायचा ते आधी पूर्णपणे सांगता आले पाहिजे. भेदरलेल्या, हटकलेल्या, अर्ध्यावर तोडलेल्या साक्षीवर घेतलेला संशय सत्याच्या शोधात काही भर घालत नाही. पंजाब सरकार विरुद्ध गुरमीत सिंग या 1996 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने उलटतपासणीच्या नावाखाली होणाऱ्या छळाकडे न्यायाधीशाने मूक प्रेक्षक होऊन पाहू नये, असे बजावले. पॉक्सोमध्ये मुलाला प्रश्न थेट वकिलाने न विचारता न्यायाधीशामार्फत विचारण्याची रचना आहे. ‘दोन बोटांच्या चाचणी’ला 2013 मध्ये आणि पुन्हा 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नाकारले, कारण ती चाचणी आरोपाविषयी काहीच सांगत नव्हती, फक्त बाईविषयी सांगण्याचा आव आणत होती. या सुधारणांनी आरोपीचा बचावाचा हक्क कमी होत नाही. विधानावरचा संशय शाबूत ठेवून माणसावरचा संशय काढून टाकणे, एवढेच त्या करतात.

राहते ते माझ्या बाजूचे एक ओझे. मुलाच्या बाबतीत मी गुप्ततेचे वचन देऊ शकत नाही. पॉक्सोचे कलम 19 सांगते की गुन्ह्याची माहिती असलेल्या प्रत्येकाने ती कळवली पाहिजे. म्हणून मुलाने ‘कुणाला सांगणार नाही ना?’ असे विचारण्याआधीच मला सांगावे लागते की काही गोष्टी मला सांगाव्या लागतील. हे ऐकून मूल गप्प बसण्याची शक्यता असते, आणि त्या गप्प बसण्याची किंमत कुणी मोजलेली नाही. कायदा करणाऱ्यांनी विचार केला तो लपवणाऱ्या मोठ्यांचा, आणि तो चुकीचा नव्हता. तरी वचन देऊन मोडण्यापेक्षा न देणे बरे, असे मी धरून चालते. विश्वास मागणाऱ्याने आधी आपल्या मर्यादा उघड केल्या पाहिजेत. नाही तर आपणही तिच्या आयुष्यात तिला न विचारता निर्णय घेणाऱ्यांच्या रांगेत जाऊन उभे राहतो.

प्रशिक्षणातले ते वाक्य मी आता थोडे वेगळे वाचते. समोरची व्यक्ती जे सांगते ते सिद्ध झाले असे माना, असे ते सांगत नाही. तिचा शब्द तिचाच राहू द्या, तुमच्या रागाला, करुणेला, चळवळीला किंवा लेखाला तो कामाला लावू नका, असे ते सांगते. हे रोज जमते असे नाही. करुणा फार घाईची असते. पण दोष सिद्ध होईपर्यंत निर्दोष, या दुसऱ्या वाक्याशी त्याचे भांडण उरत नाही. दोन्ही वाक्ये एकच सांगतात : माणूस कोण आहे यावरून आधीच निकाल देऊ नका. आरोपीच्या पिंजऱ्यासाठी आपण हे फार पूर्वी शिकलो. साक्षीदाराच्या पिंजऱ्यासाठी अजून शिकतो आहोत.